कोटाला घातलेला हार

"कोट साब, आप बताइए. ये मार्जिन का नंबर गलत कैसे गया?"

सिड माझ्या कोटाला विचारत होता.

सोमवारची सकाळची मीटिंग. काचेची खोली. माझी खुर्ची कुणीतरी ढकलत आत आणून टेबलाच्या टोकाला ठेवली होती. तिच्या पाठीवर माझा कोट. रोज असतो तसाच, खांदे ताठ. मी शेजारी उभा. बसायला जागा नव्हती असं नाही, एक खुर्ची रिकामी होती. पण सिड म्हणाला, "नहीं नहीं, आप खड़े रहिए. आज कोट प्रेझेंट करेगा." म्हणून उभा राहिलो.

सगळे कोटाकडे बघत होते. कोट काही बोलला नाही.

"देखा? चुप है. पर कम से कम अपनी जगह पे तो है."

हशा पिकला. एकजण टेबलावर हात आपटत हसला. काहींनी तोंडावर फोन धरला.

आणि मी हसलो. जरा जास्तच. सिडला ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

मार्जिनचा तो आकडा माझा नव्हता. शुक्रवारी सिडनेच फोन करून बदलायला सांगितला होता. तेही मी बोललो नाही. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, घरात बायको, मुलगी, म्हातारी आई, डोक्यावर जेमतेम केस, आणि माझ्या चुकीचा जाब माझ्या कोटाला विचारत होते. तोही मी न केलेल्या चुकीचा.

हे मी आयुष्यभर चालवून घेतलं असतं, खोटं कशाला बोलू. पण दिवाळीनंतर माझी मुलगी रेवा याच मजल्यावर सहा महिने काम शिकायला येणार होती. इंटर्नशिप. ती मीच मिळवून दिली होती. सिडच्या मागे लागून.

आधी कोट कुठून आला ते सांगतो.

मी इन्व्हेस्टमेंट बँकेत आहे. परळला, काचेच्या टॉवरमध्ये. या जमिनीवर गिरणी होती आणि माझे बाबा तिथे साच्यावर होते, असं लिहिता आलं असतं तर या लिखाणाला वजन आलं असतं. पण बाबा दादरला एका सूटिंगच्या दुकानात कापड मोजून फाडून द्यायचे. जन्मभर दुसऱ्यांना कोटाचं कापड दिलं, स्वतः कधी कोट घातला नाही. माझ्या अंगावर पहिला कोट बघितला तेव्हा जवळ आले, अस्तर उलटून बघितलं आणि म्हणाले, "बरा आहे."

माझी आत्या अजून विचारते, "तुझ्या बँकेत लॉकर मिळेल काय रे?" आमच्या बँकेत लॉकर नाही, पासबुक नाही, काउंटर नाही. एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा मधे बसायचं, किंमत काढून द्यायची, जाडजूड सादरीकरण करायचं आणि दोघांनाही वाटायला लावायचं की आपणच जिंकलो. हा आमचा धंदा. त्यात मी आकडे तपासतो. कार्डावर माझ्या नावाखाली व्हाइस प्रेसिडेंट लिहिलंय. आईने हे ऐकलं तेव्हा लालबागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर पेढे दिले. आमच्याकडे डोळे मिटून खडा मारला तरी तो व्हाइस प्रेसिडेंटलाच लागेल, हे मी तिला सांगितलं नाही.

सिड म्हणजे सिद्धार्थ. आमचा साहेब. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. साहेब म्हटलेलं त्याला आवडत नाही. "कॉल मी सिड." मलबार हिलला घर, शिक्षण परदेशात, बोलणं गोड. पहिल्या दिवशी त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून विचारलं, "लालबाग? वॉव. असली बॉम्बे!" मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी ते सगळ्यांना दोनदा सांगितलं.

आमच्या मजल्यावर लवकर निघणं म्हणजे रात्री आठला निघणं. कुणी तसा उठला की कोपऱ्यातून टाळ्या सुरू होतात. आधी एक, मग दुसरा, मग सगळे. "हाफ डे, बॉस?" लिफ्टचं दार बंद होईपर्यंत टाळ्या. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी सत्कार आहे. मीही वाजवल्या. मनापासून.

म्हणून खुर्चीवर कोट. खुर्चीवर कोट दिसला की माणूस इमारतीत आहे असं धरतात. मीटिंगमध्ये असेल. पॅन्ट्रीत असेल. बाथरूममध्ये रडत असेल. यातलं शेवटचंही होतं. त्यासाठी खालच्या मजल्यावरचं बाथरूम वापरतात. नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही. त्याला कळतं.

मी दादरला जाऊन दुसरा कोट शिवून घेतला. फक्त खुर्चीसाठी. अंगात एकदाही घातला नाही.

माझी बायको मीना म्हणाली, "खुर्चीसाठी होता तर स्वतःचं माप कशाला दिलंस?"

मी कोट पिशवीत घातला.

आईच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हॉस्पिटल परळलाच, ऑफिसपासून चालत जाण्याइतकं. दुपारी मीना तिला सोडते, मग तिच्या शिकवण्या असतात. संध्याकाळी आणायचं काम माझं. आईला टॅक्सीत बसवायचं, घरी नेऊन पलंगावर टेकवायचं, चहा द्यायचा आणि परत ऑफिस. परत येऊन मी सगळे उठेपर्यंत बसायचो. म्हणजे चोरी कसलीच नव्हती. पण जायचो चोरासारखा. जिन्याने. हातात रिकामी फाइल घेऊन.

"सरळ विचार ना त्याला," मीना म्हणायची.

लॉर्नाला विचारलं. लॉर्ना सिडची सेक्रेटरी. गिरगावात खोताच्या वाडीतली, माझ्याच वयाची, मजल्यावर माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटी. कॉफी ढवळत म्हणाली, "विचार की. हो बोलेल. पण मग जन्मभर ऐकायची तयारी ठेव. जो साहेब दिवसातून दहा वेळा बोलतो आपण फॅमिली, फॅमिली, त्याच्याकडे सुट्टी मागून बघ एकदा. त्याच्यापेक्षा माझी सासू बरी होती रे."

मी हसलो आणि विचारलं नाही. मी घरातला माणूस. फॅमिली हा शब्द कानावर पडला की माझं डोकं बंद होतं. मला ते खरंच वाटायचं. गणपतीत मी सगळ्यांसाठी घरचे उकडीचे मोदक नेले होते. सिडने एक उचलला, वळवून बघितला, "इसमें कितना फॅट होगा?" म्हणाला आणि परत ठेवला. मग कुणीच घेतला नाही. डबा तसाच घरी आला. मीनाला म्हणालो, "सगळ्यांचा उपास होता." गणपतीत कसला उपास! तिने काही विचारलं नाही, हे आणखी वाईट.

कोट पकडला गेला तो फायर ड्रिलमध्ये.

आग लागली तर काय करायचं याची तालीम. भोंगा वाजतो, सगळे जिन्याने उतरतात, खाली आवारात हजेरी होते. त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये होतो. वर मजला रिकामा झाला, आणि रिकाम्या मजल्यावर एका खुर्चीवर कोट. म्हणजे माणूस आत आहे. सुरक्षारक्षकांनी बाथरूम शोधली, जिने शोधले, छपाई यंत्रामागची अडगळीची खोली शोधली. तालीम संपेना. सगळा टॉवर खाली उभा.

त्याच वेळी मी आईला घेऊन टॅक्सीने लालबागकडे चाललो होतो. रस्ता ऑफिससमोरूनच. आणि सिग्नल नेमका तिथेच लागला.

आईने काचेतून बघितलं. "तुझ्या हापिसात काय झाला रे? इतकी माणसा भायर कशाक?"

"काही नाही. मोकळ्या हवेसाठी."

तेवढ्यात कर्ण्यावर माझं नाव आलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. एकदा. दोनदा.

"अरे, तुझाच नाव घेतत!"

"दुसरा कोणीतरी असेल, आई."

"तुझ्याच बापाशीचा नाव घेतल्यानी. दुसरो कसो असात?"

मी सीटवर खाली सरकलो. गुडघे पुढच्या सीटला लागले. आईच्या हाताला पट्टी होती, त्याच हाताने ती काच खाली करायला लागली. मी तिचा हात धरला. टॅक्सीवाला आरशातून म्हणाला, "किसी को ढूँढ रहे हैं बेचारे." सिग्नल सुटेपर्यंत मी माझंच नाव ऐकत तिथे वाकून बसलो होतो. आई माझ्याकडे बघत होती. लहानपणी काच फोडून घरात लपलो होतो तेव्हा बघितलं होतं, तशीच.

दुसऱ्या दिवशी सिडने केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. पाण्याचा ग्लास पुढे केला. मी खरं ते सांगितलं. त्याने छातीवर हात ठेवला.

"मॉम इज एव्हरीथिंग, यार. तुम बोलते क्यों नहीं? फॅमिली हैं हम."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याचे आभार मानले. घरी जाऊन मीनाला म्हणालो, "माणूस वाईट नाही गं."

त्याच्या पुढच्या सोमवारी कोटाची मीटिंग झाली.

तेव्हा तरी उमजायला हवं होतं. दार बंद असताना छातीवर हात आणि दार उघडल्यावर तमाशा. आता लिहिताना दोन्ही शेजारी दिसतात. तेव्हा मला वाटलं, जाऊ दे, एका सोमवारपुरतं आहे.

एका सोमवारपुरतं नव्हतं. कोटाला पाहुण्यांना देतात तो पास लटकवला. त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवायला लागले. मी काही विचारायला गेलो की कुणीतरी म्हणायचा, "कोट से पूछ लूँ?" मग माझंच नाव कोट पडलं. लिफ्टमध्ये विशीतला पोरगा विचारायचा, "कोट, फ्लोअर?" आणि मी मजला सांगायचो. फोनवर कुणी म्हणालं, "कोट है क्या?" तर मी म्हणायचो, "बोलतोय."

एकदा मी कोट काढून बॅगेत भरला. सिडने तिथल्या तिथे थांबवलं. "अरे, कोट नहीं हटेगा. टीम का मोराल है वो."

परत लावला. आणि दुसऱ्या दिवशी, हे लिहिताना आत्ताही कान तापतात, मी सकाळी येऊन त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. सगळे फोटो काढतात, तर जरा नीट दिसावा म्हणून.

का सहन केलं? आईचा डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालतो. हे खरं कारण आहे. पण पूर्ण नाही. उरलेलं असं की, मला अजूनही त्यांच्यातलाच एक व्हायचं होतं. चेष्टा करतात म्हणजे आपलं मानतात, असं मी मनाला समजावत होतो. लालबागच्या नाक्यावर मित्र शिव्या घालतात ते वेगळं. तिथे मीही दोन परत घालतो. इथे शिव्या एकाच बाजूने यायच्या, आणि दुसऱ्या बाजूने फक्त माझं हसू जायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पूजा असते. कॉम्प्युटरला झेंडू, दारांना तोरण. यंदा सिडने त्याच दिवशी फॅमिली डे ठेवला. घरच्यांना आणा, मजला दाखवा. रेवा आधीच नाचत होती. तिला तिची होणारी जागा बघायची होती. आई म्हणाली, "माका पन तुझी केबिन बघूची आसा." मला केबिन नाही, हे सांगायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी डायलिसिस नव्हता. तिने ठेवणीतली नारंगी नऊवारी नेसली. मीनाने तिचा हात धरला, रेवाने दुसरा.

लिफ्टचं दार उघडलं. समोरच माझी खुर्ची मांडली होती, चालत्या वाटेवर. खुर्चीवर कोट. कोटाच्या गळ्यात झेंडूचा भलामोठा हार. पुढे ताटलीत उदबत्ती.

सिड पुढे आला, हात जोडून. "आंटी, नमस्ते! देखिए, ये है हमारा सबसे मेहनती एम्प्लॉयी. चौबीस घंटे ऑफिस में. कभी घर नहीं जाता."

माणसं फोन काढून उभी होती.

आई थांबली. हार बघितला. उदबत्ती बघितली. आमच्याकडे रिकाम्या खुर्चीवर हार कधी घालतात, हे त्या मजल्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही.

"कोण गेलो रे?" तिने मला विचारलं. हळू आवाजात.

"कोण नाही गं आई. गंमत आहे."

ती पुढे झाली. कोटाची बाही बोटांत धरली. कापड चोळून बघितलं. आमच्या घरात कापड असंच बघतात. मग कॉलर उलटून आतला शिंप्याचा शिक्का बघितला.

"ह्यो माझ्या झिलाचो कोट आसा."

"हाँ आंटी, हाँ! यही तो!" सिड म्हणाला. त्याला मालवणी कळली नव्हती, पण तिच्या तोंडून काहीतरी निघालं याचाच त्याला आनंद झाला होता. पुन्हा हशा.

आणि मी हसलो. माझ्या आईसमोर, माझ्या कोटाला घातलेल्या हाराशेजारी उभा राहून, मी दात दाखवून हसलो. फोटो निघाले.

आई हसली नाही. "काढ तो आदी," म्हणाली. कुणीच हललं नाही. मग तिनेच दोन्ही हातांनी हार उचलला. जड होता. डायलिसिसच्या सुयांनी फुगलेल्या तिच्या हाताच्या शिरेवर नारंगी पाकळ्या पडल्या. मीनाने हार तिच्या हातून घेतला आणि शेजारच्या कुंडीवर ठेवला. मीनाचं तोंड मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. मी रेवाकडे बघितलं.

रेवा हसत होती. माझंच हसू. ओठ ताणलेले, डोळे सिडवर.

घरी येताना टॅक्सीत मी म्हणालो, "नाश्ता चांगला होता." कुणी उत्तर दिलं नाही, ते बरंच झालं.

संध्याकाळी आई आत पडली होती. मीना पोळ्या लाटत होती. रेवा ओट्याला टेकून फोनवर कपडे बघत होती.

"बाबा, शनिवारी दादरला येशील? फॉर्मल्स घ्यायचेत. आणि जॅकेट मी दोन घेते. एक घालायला, एक खुर्चीला."

लाटणं थांबलं.

तिने सहज म्हटलं होतं. छत्री घ्यायला हवी म्हणतात तसं.

मी विचारलं, "तू हसलीस कशाला गं आज?"

"कधी?"

"हार बघून."

ती गोंधळली. "तू हसत होतास ना. मला वाटलं, तिथे हसायचं असतं."

मी खाली बसलो. स्टुलावर, तांदळाच्या डब्याशेजारी. आणि सगळं सांगितलं. मीटिंग, आकडा, टॅक्सीत वाकून बसलो ते, धूळ झटकली ते. खालच्या मजल्यावरचं बाथरूम. मोदकांचं खरं. सांगताना सवयीने मधेमधे विनोद करत होतो. एरवी माझ्या गोष्टींना हे घर हसतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

रेवा चिडली. सिडवर नाही, माझ्यावर.

"हे सगळं तुला माहीत होतं आणि तू मला तिथे पाठवत होतास?"

"नाव मोठं आहे गं त्यांचं."

"आणि तुझं? तुझं काय नाव आहे तिथे, बाबा?"

मीनाने तिला गप्प केलं नाही. एरवी करते. आतून आईचा आवाज आला, "इचारता ता बरोबर इचारता." मला वाटलं होतं ती झोपलीय.

जायचं की नाही, ते तुझं तू ठरव, असं मी रेवाला म्हणालो. तिने दोन दिवस घेतले. माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "मी नाही म्हणून कळवलंय. आणि कारण पण कळवलंय." गिरगावात एका सीएच्या लहान ऑफिसात तिने जागा बघितली. माझ्या ओळखीने नाही. माझी ओळख लावू का विचारलं तर म्हणाली, "नको, थँक्यू." ते लागलं. लागायलाच हवं होतं.

मग सोमवार आला.

खोलीत खुर्ची, खुर्चीवर कोट. हार नव्हता, पण कुणीतरी खिशात झेंडूचं एक फूल खोचलं होतं. सिड मागे रेलला.

"तो कोट साब, आज क्या न्यूज?"

मी म्हणालो, "मला विचारा. मी इथे आहे."

मराठीत म्हणालो. ठरवून नाही. त्या खोलीत मी तोवर मराठीचा एक शब्द बोललो नव्हतो. आवाज चिरकला. रुबाबदार काही झालं नाही.

"अरे चिल. मजाक है यार."

"मला हसू आलं नाही."

"क्या बोला? इंग्लिश, प्लीज."

कोपऱ्यात लॉर्ना मीटिंगची टिपणं घेत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "ही सेज, ही डिडन्ट फाइंड इट फनी."

मी पुढे बोलत गेलो, थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे मला माहीत होतं. मार्जिनचा आकडा बदलायला तुम्ही सांगितलंत. आईला आणायला मी आठवड्यातून तीन संध्याकाळी जातो आणि परत येऊन काम करतो. यापुढे लपून जाणार नाही, सांगून जाईन. आणि माझ्या आईसमोर तुम्ही माझ्या कोटाला हार घातलात. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत नसेल तर आता विचारून घ्या.

लॉर्ना एकेक वाक्य इंग्रजीत करत गेली. शेवटच्या वाक्याला थांबली, चष्मा काढला, आणि तेही केलं.

सिड म्हणाला, "ओके. समबडीज सेन्सिटिव्ह टुडे." आणि पुढची स्लाइड लावली.

बस. इतकंच झालं. कुणी माझ्या बाजूने उठलं नाही. छत कोसळलं नाही. मी कोट घडी करून काखेत घेतला आणि खुर्चीवर बसलो. खुर्ची गार होती.

त्याच आठवड्यात मला त्या मार्जिनवाल्या कामावरून काढलं. माझी जागा छपाई यंत्राजवळ गेली. एचआरच्या बाईंनी बोलावून गोड आवाजात समजावलं, "तुमच्या भावना आम्ही समजतो. पण तो सगळ्यांनी मिळून केलेला विनोद होता. हे बघा, फोटोत तुम्हीही हसताय." फोटो माझ्यापुढे ठेवला. हार, कोट, सिड, मी. खरंच हसत होतो. माझ्याविरुद्धचा सगळ्यात पक्का साक्षीदार मीच. मी म्हणालो, "हो, हसत होतो. भीतीने माणूस हसतो." त्यांनी फोटो परत घेतला.

आता सहा वाजले की मी उठतो. उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "आईला आणायला चाललोय." टाळ्या पडतात. मी लिफ्टपाशी वळून उभा राहतो आणि वाजवणाऱ्या एकेकाकडे बघतो. काहींचे हात थांबतात. काहींचे नाही.

आमच्या मजल्यावर आता आकांक्षा म्हणून नवी मुलगी आलीय. नागपूरची. हुशार आहे, इंग्रजी बोलताना जरा अडखळते. गेल्या सोमवारी मीटिंगमध्ये सिडने तिची नक्कल केली. तिच्यासमोरच. हशा पिकला. ती पण हसली. ओठ ताणून, डोळे सिडवर. मी ते हसू ओळखलं.

मी हसलो नाही. पण गप्प बसलो. हसलो नाही एवढ्यावरच खूश होऊन घरी आलो आणि जेवायला बसलो. रेवाने विचारलं, "मग तू काय म्हणालास?" काहीच म्हणालो नव्हतो.

या आठवड्यात मी महापालिकेच्या हॉस्पिटलात जाऊन आईचं नाव डायलिसिसच्या यादीत घालून आलोय. रांग मोठी आहे, वाट बघावी लागेल. मीनाला सांगितलंय की विमा जाऊ शकतो. ती म्हणाली, "शिकवण्या वाढवते." आईला सांगितलंय. ती म्हणाली, "रांगेत रवान मी. माका सवय आसा."

परवा सोमवार आहे. सिड पुन्हा तिची नक्कल करणार. पहिल्या शब्दाला मी उभा राहणार आहे आणि मराठीत सांगणार आहे, हे बंद करा. इंग्रजीत करायला लॉर्ना असेल, नसेल तर मीच करीन. तिच्या ओठांवर ते हसू येण्याआधी. नोकरी त्यानंतर राहते का जाते, ते सिडने ठरवावं. माझं ठरलंय.